स्पोर्ट्स कारची हिवाळी साठवण व गंजरोधन

बर्फाळ प्रदेशांत स्पोर्ट्स कार साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यावर न आणता बंदिस्त जागी उभी करून ठेवतात. या काळात तिच्या धातूच्या भागांचे क्षरण म्हणजे गंजणे रोखण्यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांचा विचार येथे केला आहे. हा प्रघात मुख्यतः जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन, स्कँडिनेव्हियातील देश, कॅनडा आणि अमेरिकेतील पंचमहासरोवरांलगतची राज्ये येथे आढळतो. रोजच्या वापराची मोटार बारमाही चालते आणि कालांतराने मोडीत निघते. स्पोर्ट्स कार वर्षाकाठी थोडीच धावते, पण मालक ती पुष्कळदा दशकानुदशके जपतो. तिचा तळ जमिनीलगत असतो आणि एकाच सांगाड्यात पोलाद, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कार्बन तंतू असे भिन्न पदार्थ एकत्र आलेले असतात. त्यामुळे खारट चिखलाचा उपद्रवही तिला अधिक होतो.

काही देशांत या प्रघाताला प्रशासकीय रूप मिळाले आहे. जर्मनीत १९९७ पासून ‘हंगामी’ नोंदणी-पाटी मिळते. वापराचे महिने (किमान दोन, कमाल अकरा) पाटीच्या उजव्या कडेला छापलेले असतात आणि त्या महिन्यांबाहेर मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवणे तर दूरच, उभी करण्यासही मनाई असते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून मोटार रस्त्यावर नसल्याचे अधिकृत निवेदन द्यावे लागते.

रस्त्यावरील मीठ : हिवाळी साठवणुकीचे खरे कारण थंडी नसून मीठ आहे. रस्त्यावर मीठ टाकण्याची सुरुवात कोठे झाली याबद्दल एकमत नाही. अमेरिकी संदर्भसाहित्यात बहुधा न्यू हॅम्पशायर राज्यातील १९३८ चा प्रयोग पहिला मानला जातो, तर डिट्रॉइटचा मान राखणारे लेखक १९४० सालाकडे बोट दाखवतात. त्या शहराच्या खालीच मिठाची मोठी खाण असल्याने हा दावा आकर्षक वाटतो. तथापि एकोणिसाव्या शतकातही युरोप व अमेरिकेतील शहरांत ट्रामचे रूळ मोकळे ठेवण्यासाठी मीठ वापरत आणि बर्फावरून घसरगाड्या ओढणारे त्याविरुद्ध तक्रार करीत. म्हणून १९३८ हे वर्ष मिठाच्या पहिल्या वापराचे न मानता महामार्गांवरील पद्धतशीर वापराच्या आरंभाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९४१–४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पडल्याची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘रस्ता काळा दिसलाच पाहिजे’ (म्हणजे त्यावर बर्फ राहता कामा नये) हे धोरण सर्वत्र आले आणि हे प्रमाण कित्येक पटींनी वाढत पुढे दरवर्षी कोटी टनांच्या घरात गेले.

मिठाचा प्रकारही बदलत गेला आणि साठवणुकीच्या दृष्टीने ही बाब मिठाच्या प्रमाणाइतकीच महत्त्वाची आहे. सोडियम क्लोराइड म्हणजे साधे मीठ उणे ९° से.च्या आसपास बर्फ वितळवण्यात मंद पडते. त्यामुळे कडक थंडीच्या प्रदेशांत, विशेषतः १९९० च्या दशकापासून, मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइडांचे द्रावण फवारण्याचे प्रमाण वाढले. ही दोन्ही लवणे हवेतील ओलावा ओढून चिघळतात, म्हणजे त्यात विरघळून द्रवरूप होतात. साधे मीठ सुमारे ७५% सापेक्ष आर्द्रतेला चिघळते, मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्क्यांनाच, तर कॅल्शियम क्लोराइड तापमानानुसार ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे डोळ्यांना कोरडी दिसणारी मोटार ५०% आर्द्रतेच्या गॅरेजमध्येही सांध्यासांध्यांत ओली असू शकते. कितीही चांगले गॅरेज न धुतलेल्या मोटारीला वाचवू शकत नाही, ते यामुळेच.

क्षरणाची यंत्रणा : लोखंडाचे गंजणे ही विद्युत रासायनिक क्रिया आहे. पृष्ठभागावरील पाण्याच्या पातळ थराखाली काही जागा धनाग्र होतात व तेथे लोह विरघळते. इतर जागा ऋणाग्र होऊन तेथे ऑक्सिजन व पाणी यांपासून हायड्रॉक्साइड बनते. मीठ या थराची विद्युत संवाहकता वाढवते व क्लोराइड आयन धातूवरील संरक्षक पापुद्रा फोडतात. केंब्रिजचे यू. आर. एव्हान्स यांनी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवले, की ऑक्सिजन सहज मिळणारी थेंबाची कड सुरक्षित राहते आणि ऑक्सिजन कमी पोचणारा मध्यभाग झिजतो. चाकांच्या कमानींत व दाराच्या खालच्या पट्टीत साचलेल्या चिखलाचे हेच होते. जखमेवर बांधलेल्या पोटिसासारखा तो ओलावा धरून ठेवतो आणि त्याच्या आड, हवा न पोचणाऱ्या जागी, पत्रा आतून खाल्ला जातो.

हवेतील क्षरणाचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांचे १९२० व १९३० च्या दशकांतील काम. सापेक्ष आर्द्रता एका ठरावीक मर्यादेखाली असेपर्यंत लोखंड जवळजवळ गंजत नाही व ती ओलांडताच गंजण्याचा वेग एकदम वाढतो, असे त्यांनी दाखवले. ही क्रांतिक आर्द्रता साधारणपणे ६०% धरतात. साठवणुकीच्या पुस्तिकांमधील ‘५० टक्क्यांच्या आसपास ठेवा’ हा सल्ला येथूनच आला आहे. मात्र व्हर्नन यांचे नमुने क्लोराइडाने माखलेले नव्हते, तर त्यांत गंधकाच्या ऑक्साइडाचा विचार प्रमुख होता. मीठ चिकटलेल्या मोटारीला ६०% ही मर्यादा लागू पडत नाही, हे अनेक लोकप्रिय मार्गदर्शिकांतून सुटून जाते.

उबदार की थंड जागा : या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष रासायनिक क्रियेचा वेग दर १०° से.ला सुमारे दुप्पट होतो या ढोबळ नियमाचा आधार घेऊन थंड जागा पसंत करतो. दुसरा आर्द्रतेकडे पाहतो. ०° से.ला संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे ४.८ ग्रॅम बाष्प असते, १०° से.ला ९.४ ग्रॅम, तर २०° से.ला १७.३ ग्रॅम मावते. बाहेरची ०° से.ची संपृक्त हवा गॅरेजमध्ये १०° से.पर्यंत नुसती तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. हे दोन पक्ष वरवर दिसतात तितके परस्परविरोधी नाहीत. मीठ लागलेल्या, ओल्या मोटारीला उबदार गॅरेज घातक ठरते. धुऊन पूर्ण सुकवलेल्या मोटारीला तेच उपकारक होते. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण तापमान स्थिर राहत असेल तरच.

स्थिरता महत्त्वाची, कारण धातूला घाम फुटतो तो तापमानबदलाच्या वेळी. २०° से. व ६०% आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे १२° से. असतो. त्याहून थंड असलेल्या इंजिनाच्या ठोकळ्यावर किंवा ब्रेकच्या डिस्कवर अशी हवा आली की पाणी धरते. यामुळे कोरड्या, गोठलेल्या जानेवारीपेक्षा मार्चमधील पहिला उबदार, दमट दिवस अधिक हानी करतो. रात्रभर गारठलेले अवजड भाग दुपारपर्यंत थंडच राहतात आणि मालक नेमक्या त्याच वेळी गॅरेजचे दार सताड उघडतो. याच कारणाने उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या कडाक्याच्या हिवाळ्यापेक्षा ५ ते १० अंशांत सतत ओलसर राहणारा ब्रिटनचा सौम्य हिवाळा साठवणुकीला कठीण असतो.

बाष्प काढून टाकणारी यंत्रे दोन प्रकारची असतात. प्रशीतन तत्त्वावरील यंत्राच्या नळ्यांवर थंड गॅरेजमध्ये हिम साचते व ते निकामी ठरते. तेथे आर्द्रताशोषक पदार्थ लावलेले फिरते चक्र वापरणारी यंत्रे उपयोगी पडतात. असे चक्र वापरणाऱ्या यंत्रांच्या प्रसारात स्वीडनचे कार्ल मुंटर्स व त्यांनी १९५५ मध्ये स्थापलेली कंपनी यांचा वाटा मोठा आहे. लष्करी सामग्रीच्या साठवणुकीतून हे तंत्र मोटारींकडे आले. आर्द्रता ४० टक्क्यांच्या फार खाली नेऊ नये, कारण चामडे व लाकूड आकसते. सिलिका जेलच्या पुड्या बंद पिशवीत चांगले काम करतात. उघड्या गॅरेजमध्ये त्यांचा प्रभाव नगण्य असतो. मोटारीभोवती फुगवून उभारायचे व पंख्याने सतत हवा फिरती ठेवणारे तंबूही प्रचारात आहेत. त्यांत हवा कोरडी होत नाही, पण धातू व हवा यांचे तापमान सारखे राहिल्याने घाम धरत नाही. साधे प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र टाळावे. ते ओलावा कोंडते.

बांधणीतील फरक : पोर्शे कंपनीने १९६७ मध्ये ९११ या मोटारीचे काही नमुने निष्कलंक (स्टेनलेस) पोलादात बनवून पाहिले. त्यांतील एक म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. हा मार्ग खर्चिक ठरला आणि १९७६ च्या मॉडेलपासून तप्त जस्तलेपन केलेले पोलाद व सहा वर्षांची हमी हा पर्याय स्वीकारला गेला. जस्ताचे विद्युत वर्चस् (धातूची विरघळण्याची प्रवृत्ती दाखवणारे माप) लोहापेक्षा अधिक ऋण (–०.७६ व्होल्ट, लोहाचे –०.४४) असल्याने ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते. म्हणून जस्तलेपनपूर्व मोटारींच्या साठवणुकीत अधिक काटेकोर राहावे लागते.

काचतंतूचे बाह्यांग गंजत नाही, म्हणून मोटारही गंजत नाही, हा समज घातक आहे. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या १९६० व १९७० च्या दशकांतील पिढ्यांत काचतंतूच्या आत पोलादी पिंजरा असतो व तो समोरच्या काचेच्या चौकटीपाशी नजरेआड सडतो. लोटस इलानमध्ये (१९६२) पोलादी पत्र्याचा कणा आहे. त्याच्या पुढच्या आडव्या पेटीचा उपयोग झाकले जाणारे दिवे उचलण्याच्या निर्वात टाकीसाठी केला होता. पेटीला गंजाने सुईएवढे छिद्र पडले तरी दिवे वर राहत नसत, आणि सांगाडा आतून गेल्याची पहिली खूण तीच असे. डीलोरियनचे (१९८१) पत्रे निष्कलंक पोलादाचे, पण चासी साध्या पोलादावर इपॉक्सीचा थर दिलेली आहे. होंडा एनएसएक्ससारख्या (१९९०) ॲल्युमिनियमच्या मोटारींत धोका भिन्न धातूंच्या सांध्यांत असतो. पोलादी बोल्ट किंवा कार्बन तंतूचा भाग ॲल्युमिनियमला खाऱ्या ओलाव्यातून भिडला, की ॲल्युमिनियम बळी जाते.

पूर्वतयारी : बहुतेक काम गॅरेजचे दार लावण्यापूर्वीच व्हायला हवे. तळ, चाकांच्या कमानी व पाणी निचऱ्याची भोके साध्या पाण्याने भरपूर धुऊन मोटार कोरड्या दिवशी बऱ्याच अंतरापर्यंत चालवतात, म्हणजे ब्रेक व सांधे उष्णतेने सुकतात. धुऊन लगेच झाकलेली मोटार न धुतलेल्या मोटारीइतकीच धोक्यात असते. पोकळ भागांत मेण किंवा लॅनोलीनयुक्त तेल फवारतात. मेण टिकाऊ असते; तेल सांध्यांत खोल झिरपते, पण दरवर्षी पुन्हा मारावे लागते. सर्वपरिचित डब्ल्यूडी-४० हे द्रव १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात पाणी हटवण्यासाठी तयार झाले. त्याचा थर फार पातळ असल्याने संपूर्ण हिवाळ्याचे रक्षण त्याच्यावर सोपवू नये.

इंजिन तेल साठवणुकीआधी बदलावे, नंतर नव्हे. जुन्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले व पाणी असते आणि ते बेअरिंगांच्या संपर्कात महिनोन्महिने राहते. ब्रेकचे ग्लायकॉलयुक्त द्रव ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २३०° से. असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५° से.पर्यंत उतरू शकतो आणि तेच पाणी कॅलिपरच्या दट्ट्यांना आतून गंजवते. पोलादी टाकी इंधनाने काठोकाठ भरून ठेवतात, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत घाम धरत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर स्थिरीकारक (इंधन खराब होऊ न देणारे द्रव्य) मिसळतात. हातब्रेक ओढून ठेवू नये, कारण पॅड बिडाच्या डिस्कला गंजाने चिकटतात. त्याऐवजी चाकांना उटी (अडसर) लावावी. फरशी काँक्रीटची असेल तर तिच्यातून वर येणारी ओल अडवण्यासाठी खाली पॉलिथिनचा जाड कागद अंथरतात.

अधूनमधून इंजिन सुरू करणे : ही सवय सर्वत्र आढळते व ती सोडून द्यावी. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. पाच-दहा मिनिटांत तेल व मफलर पुरेसे तापत नाहीत, त्यामुळे बाष्प आतच थिजते आणि आम्लांसह तेथेच राहते. मोटार तासभर रस्त्यावर नेता येत नसेल तर इंजिन मुळीच सुरू करू नये. बॅटरी भारित ठेवण्यासाठी स्वतंत्र चार्जर असतो.

विद्युत प्रवाह सोडून गंज थांबवण्याचा दावा करणारी उपकरणेही विकली जातात. ऋणाग्री संरक्षण (धातूला प्रवाहाने ऋणाग्र बनवून वाचवणे) जहाजांत व जमिनीतील नळांत उत्तम चालते, कारण तेथे धातूभोवती अखंड पाणी किंवा ओली माती असते. कोरड्या मोटारीभोवती विद्युत विच्छेद्याचा (प्रवाह वाहून नेणाऱ्या द्रावणाचा) असा सलग थर नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात अशा एका उपकरणाच्या विक्रेत्यांविरुद्ध कारवाई केली होती.

भारतातील स्थिती : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण ते समुद्रावरील वाऱ्यातून येते. मुंबईत अशा मोटारींचा विश्रांतीचा काळ हिवाळा नसून जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो. त्या काळात आर्द्रता बहुधा क्रांतिक मर्यादेच्या वरच राहते व तापमानही जास्त असते, म्हणून हवा तापवून कोरडी करण्याचा युरोपीय उपाय येथे निरुपयोगी ठरतो. येथे प्रशीतन तत्त्वावरील यंत्र मात्र चांगले चालते.