एमबीडी आणि एसआरए: मधली तिरकी रेघ आधी खोडा

नौपाड्यातल्या क्लासला एम.एस्सी.ची मुलं येतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डिझर्टेशन करायची स्वप्नं बघतात आणि वहीत मात्र तीच आकृती काढतात: डीएनएवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचा ठिपका, ठिपक्यावर एक अंडं, अंड्यात ‘एमबीडी/एसआरए’. हे प्रथिनांतले मिथाइल ओळखणारे दोन वेगळे भाग (डोमेन); तिरकी रेघ त्यांना एकच ठरवते. ती दिसली की माझं डोकं फिरतं.

डीएनएमटी१ हे विकर तुम्हाला पाठ आहे. डीएनएमधल्या सायटोसिन या बेसला मिथाइल लावायचं काम त्याचं. एमबीडी आणि एसआरए काही लावत नाहीत, लागलेला मिथाइल ओळखतात. एमबीडी साधारण ७० अमिनो आम्लांचं, एमईसीपी२ या प्रथिनात आणि त्याच्या भावंडांत सापडतं. एसआरए दुपटीहून मोठं, माणसात यूएचआरएफ१ आणि २ या प्रथिनांमध्ये. याच्यावर मार्क फारसे नाहीत, पुढे चला.

घोळ होतो तो सीपीजीच्या (सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन, या जोडीच्या) दुसऱ्या धाग्यापाशी. सीपीजी समोरच्या धाग्यावरही उलट दिशेने सीपीजीच वाचला जातो, म्हणजे मिथाइल लागायच्या जागा दोन. डीएनएची प्रत निघाली की जुन्या धाग्यावर मिथाइल असतो, नव्यावर नसतो. ही अर्धमिथिलित अवस्था. एसआरएला नेमकी तीच आवडते. ते मिथाइलवाला सायटोसिन हेलिक्समधून चक्क बाहेर वळवून आपल्या खिशात घेतं. समोरच्या धाग्यावरही मिथाइल असेल तर पकड सैल पडते. एमबीडीला मात्र दोन्ही धाग्यांवर मिथाइल हवा, आणि ते एकही बेस जागचा हलवत नाही. एमईसीपी२मधली १११ आणि १३३ क्रमांकाची आर्जिनिन ही अमिनो आम्लं दोन बाजूंच्या दोन ग्वानिनांना धरतात. ‘मिथाइल जलविरोधी, म्हणून एमबीडी चिकटतं’ हे झेरॉक्स नोट्समधलं लाडकं वाक्य तेवढं विसरा. २००८ च्या स्फटिकरचनेत मिथाइलच्या भोवती मुख्यतः पाण्याचे रेणूच शिस्तीत बसलेले दिसले.

पुढची कामंही त्यामुळेच वेगळी. यूएचआरएफ१ अर्धमिथिलित जागा हेरून डीएनएमटी१ला तिथे आणतं, नवा धागा भरला जातो. ते काढून टाकलं तर पेशीतलं मिथिलीकरणच ढासळतं. एमईसीपी२ नसेल तर मिथाइल जागच्या जागी राहतात, वाचणारं कोणी उरत नाही. मुख्यतः मुलींमध्ये दिसणारा रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार एमईसीपी२च्या जनुकातल्या बिघाडाने होतो, हे १९९९ मध्ये हुदा झोग्बींच्या प्रयोगशाळेने दाखवलं. २००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केलं, तर लक्षणं मागे हटली. खुणा शाबूत असल्या की वाचणारा उशिरा आला तरी चालतो, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो.

एमबीडी३ या प्रथिनाचा सापळा जाता जाता: सस्तन प्राण्यांत ते नावाला एमबीडी, मिथिलित सीपीजी नीट धरतच नाही. आणि ‘रेट म्हणजे डीएनएवरची पकड सुटली’ असं सरसकट लिहू नका. एमईसीपी२मधल्या टी१५८एम या बदलाने (१५८ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन) एमबीडी बिघडतं, हे खरं. आर३०६सी मध्ये एमबीडी धडधाकट असतं; तुटतो तो जनुक गप्प करणाऱ्या एनकोर संकुलाशी जोडणारा दुवा.