पेंचचा नहर आणि पुराचा नहर: दार नेमकं कुठे असतं?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. आमच्या शेजारच्या आजींच्या भिंतीवर गाळाची रेघ स्विचबोर्डाच्याही वर होती. तेव्हापासून दर पावसाळ्यात एकच वाक्य ऐकतो आहे: “शहराबाहेरून नहर काढा, पूर आला की दार उघडा.”

नहर म्हटलं की आपल्याला पेंच नदीवरच्या धरणाचा आठवतो. नवेगाव खैरीला दार उचललं की पाणी शेताला आणि आपल्या नळाला. पुराच्या नहराचं तसं नसतं.

कॅनडातलं विनिपेग घ्या. १९५० च्या पुरात तिथल्या सुमारे लाखभर लोकांनी घरं सोडली. मग रेड नदीचा पूर शहराला वळसा घालून न्यायला १९६२ ते १९६८ मध्ये ४७ किलोमीटरचा नहर खोदला. एरवी त्यात गवतच असतं. लांबी-रुंदीचे फरक सोडा, घोळ होतो तो दाराचा.

त्या नहराच्या तोंडाशी दारच नाही, मातीचा उंबरठा आहे. दारं आहेत ती नदीत, तळाशी, पाण्याखाली निजलेली. त्यांच्यावरून नावा जातात. पूर आला की ती खालून वर उठतात, नदी अडते, मागे फुगते आणि उंबरठा ओलांडून नहरात शिरते. म्हणजे पुरात दार उघडत नाहीत, नदीला आडवं घालतात! मग मागे फुगलेलं पाणी कोणाच्या अंगणात जाणार? तिथला नियम असा, की नहर नसता तर पाणी जिथवर चढलं असतं तिथवरच चढवायचं. १९९७ च्या महापुरात शहर वाचवायला त्याच्याही वर चढवलं, आणि शहराबाहेरचं ग्रांद पोआंत पाण्यात गेलं. पुढे अशा पुराच्या भरपाईसाठी कायदाच करावा लागला.

२००५ पासून नहर वाढवला. सेकंदाला १७०० घनमीटरची क्षमता ४००० वर नेली, पूल नव्याने बांधले. पण तो मुख्यतः रुंद केला, कारण खोल खोदलं असतं तर भूजलाला धक्का बसला असता. आपल्याकडे मात्र प्रत्येक उपाय ‘खोलीकरणा’पाशीच येऊन थांबतो, याचा मला मनस्वी राग येतो.

अंबाझरीच्या वरच्या अंगाला वाडीची वस्ती आहे, एमआयडीसी आहे. नहराची मागणी जरूर करा, मीही सही करेन. फक्त दार नदीत कुठे बसणार आणि मागचं पाणी कुठवर चढणार, हे नकाशावर आखून मागा.