कोर वाढले ते गरमीपायी

घरच्या कॉम्प्युटरवर बॉइंक किंवा फोल्डिंग (विज्ञानाच्या मोठ्या गणिताचे तुकडे घरोघरच्या मशीनवर सोडवणारे प्रोग्राम) चालवायचंय, किती कोरचा प्रोसेसर घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, भाऊ मशीन ठेवतो कुठं, टिनाखाली का स्लॅबखाली? लोक हसतात, पण कोरची, म्हणजे प्रोसेसरात स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या भागांची, सारी कथा गरमीपासूनच सुरू झाली.

1996 मध्ये मोठमोठ्या मूळ संख्या शोधणारं जिंप्स आलं, मग मे 1999 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं सेटी ॲट होम, परग्रहावरच्या जीवांच्या शोधासाठी रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या सिग्नलचे तुकडे करून घरोघरी वाटायचं. तेव्हा घरच्या प्रोसेसरला कोर एकच, त्याचा वेग, म्हणजे गिगाहर्ट्झ, वाढले की काम लवकर व्हायचं. पण वेग वाढवावा तशी चिप तापायला लागली, 2004 मध्ये इंटेलनं 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 रद्दच करून टाकला अन् मे 2005 मध्ये पेंटियम डी आणि एएमडीचा ॲथलॉन 64 एक्स2 असे दोन कोरवाले आले. 2007 च्या सुरुवातीला इंटेलचा क्यू6600, चार कोरचा.

साध्या सॉफ्टवेअरला या चार कोरचं काय करावं ते समजत नव्हतं. या प्रोजेक्टांना मात्र लगेच जमलं, काहून की तुकड्यांचा एकमेकांशी संबंधच नाही, कापूस वेचायला चार बाया लावल्या, जिची तिची पात वेगळी, कोणी कोणासाठी थांबत नाही. जिंप्सचं थोडं वेगळं, तिथं रॅमचा वेगही लागतो.

फसगत झाली ती एएमडीच्या 2011 च्या एफएक्स-8150 मध्ये. डब्यावर आठ कोर, पण दशांश गणिताचं युनिट दोन कोरांत मिळून एक, आणि विज्ञानाच्या कामात दशांशच जास्त. म्हणजे बाया आठ अन् पाती चारच! एएमडीच्याच 2017 च्या रायझन 7 1700 मध्ये आठ खरे कोर, सोळा थ्रेड (एका कोरवर एकाच वेळी दोन कामं), कागदावर 65 वॅट, तिथून चित्र पालटलं.

माझा क्यू6600 नागपूरहून आणलेला सेकंडहँड, मे महिन्यात बाहेर 46 अन् आत पंख्यात रुई अडकलेली, मग तीनच कोर चालू ठेवायचो. भारनियमनात लाईन गेली की शेवटच्या चेकपॉइंटनंतरचं (जिथवरचं काम जतन झालेलं असतं, त्यापुढचं) सारं पाण्यात, कधी दोन मिनिटांचं कधी तासाभराचं.

आणि बिल. मशीन 150 वॅट खात असेल तर दिवसाला 3.6 युनिट, महिन्याला 108, म्हणजे महावितरणचा 100 युनिटांचा पहिला स्लॅब एकटं मशीनच संपवते, कूलर-पंखा सारा वरच्या दरानं. म्हणून जुना चार कोरवाला कोणी फुकट देतो म्हटलं तरी मी आधी वॅट पाहतो, मग कोर मोजतो.