सर्चिंग फ्लाय (ट्राउटचा शोध)

ट्राउट नदीत नक्की कुठे थांबलाय हे वरून दिसत नसेल, पाण्यावर कुठे तोंडही काढत नसेल, अशा वेळी मासा शोधण्यासाठी जी भरवशाची फ्लाय (गळावर पिसं, लव गुंडाळून केलेला खोटा किडा) आधी टाकतात तिला सर्चिंग फ्लाय किंवा सर्चिंग पॅटर्न म्हणतात. ती एकाच किड्याची हुबेहूब नक्कल नसते, मेफ्लाय, कॅडिस अशा बऱ्याच किड्यांसारखी थोडीथोडी दिसते आणि तिचं बळ यातच आहे. काही जण हिला अट्रॅक्टरच, म्हणजे भडकपणाने खेचणारी फ्लायच, म्हणतात, पण लाल पट्टा नि पांढऱ्या पंखांची रॉयल वुल्फ भडकपणाने मासा खेचते आणि राखाडी अॅडम्स खाण्यासारखी दिसते म्हणून घेतली जाते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या धरणं जास्त बरोबर वाटतं.

अॅडम्स ही यातली सगळ्यात नावाजलेली ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी). ती अमेरिकेत मिशिगनमधल्या मेफिल्डच्या लेनर्ड हॅलाडेने साधारण 1922 मध्ये बांधली, आणि ओहायोच्या चार्ल्स अॅडम्स या वकील मित्राचं नाव तिला दिलं, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे. जन्म तळ्यावरचा की बोर्डमन नदीवरचा यावर मात्र दोन मतं दिसतात. हॅलाडेच्या नावावर सांगितली जाणारी हकिगत अशी की पहिली फ्लाय त्याने आपल्या तळ्यावर मासे धरत असलेल्या अॅडम्सच्या हातात दिली आणि संध्याकाळी बोर्डमनवर लावून बघ म्हणाला. हे धरलं तर दोन्ही मतं जुळतात, म्हणून तेच जास्त पटतं. ती कशाची नक्कल होती, मेफ्लायची की कॅडिसची, हा वाद अजून आहे. मूळ फ्लायचे पंख आजच्यासारखे ताठ नव्हते, अर्धवट पसरलेले होते आणि शेपटी गोल्डन फेझंट या रंगीत पक्ष्याच्या पिसांची होती असं सांगतात. आज जी बांधतात तिचं अंग मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याच्या राखाडी लवेचं, पंख काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या ग्रिझली पिसांचे आणि गळ्याभोवती ग्रिझली व तपकिरी पिसं एकत्र गुंडाळलेली. पॅराशूट प्रकारात मध्ये पांढरा खुंट उभा असतो, तो लांबून दिसतो, खळाळत्या पाण्यात याची फार मदत होते.

वापरायची रीत अशी की 12 ते 16 नंबरचा गळ घ्यायचा (नंबर वाढला की गळ लहान), प्रवाहाच्या उलट, खालून वर चालत जायचं कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, आणि पाण्याचे मनातल्या मनात पट्टे पाडून आधी जवळचा मग लांबचा असं करत एकेका पट्ट्यावरून फ्लाय दोनतीनदा वाहू द्यायची. दोरीने ती ओढली गेली की खेळ संपला, मोकळी वाहिली पाहिजे. जलद आणि संथ धार भेटते ती रेघ, दगडामागची शांत जागा, आतून पोखरलेला काठ, डोहाचं तोंड, या जागा सोडायच्या नाहीत. मासा वर आला पण फ्लाय घेतली नाही तरी जागा कळलीच, मग तिथे लहान नंबर लावायचा किंवा पाण्यावर उडणारा किडा बघून त्याची नक्कल.

वर काहीच हललं नाही तर पाण्याखाली फेझंट टेल निम्फ (किड्याच्या पाण्यातल्या पिल्लाची नक्कल) टाकायची, जी इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयरने तांब्याची तार आणि फेझंटच्या शेपटीची पिसं वापरून बांधली. किंवा मग वुली बगर, 1967 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने बांधलेली, तिची मऊ मॅराबू पिसांची शेपटी पाण्यात सारखी हलत राहते. तळ्यात धार नसते, तिथे हीच हळूहळू ओढत वेगवेगळ्या खोलीवर फिरवतात.