टवका उडालेला दात आणि तीस सेकंदांचं ॲसिड

समोरच्या दाताचा टवका उडाला, तर आज बॉन्डिंग करून, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला चिकटवून, तो बहुतेकदा एकाच बैठकीत भरून निघतो. श्रेय आपण दातासारख्या दिसणाऱ्या त्या मसाल्याला देतो. माझ्या मते खरं श्रेय त्याआधी लावल्या जाणाऱ्या ॲसिडचं आहे.

पूर्वी भरलेलं काही दातावर चिकटतच नसे. ते अडकून राहावं म्हणून आत रुंद, तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागे. म्हणजे टवका जेवढा, त्याहून जास्त चांगला दात जायचा. समोरच्या दाताच्या तुटक्या कडेला तर कोरायला जागाच नसते. मग कॅप, आणि तिच्यासाठी दात चहूबाजूंनी घासणं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी ही अडचण 1955 मध्ये सोडवली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूला आधी फॉस्फोरिक ॲसिड लावत. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं: 85 टक्के तीव्रतेचं ॲसिड, 30 सेकंद. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, आधी छिन्नीने टोचून ते खरबरीत करावं लागतं. इथे छिन्नीचं काम ॲसिड करतं. एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, पातळ रेझिन (घट्ट होणारा प्लास्टिकसारखा द्रव) त्यांत उतरून घट्ट होतं आणि दाताला धरून बसतं. ॲसिड धुऊन दात वाळवला की तेवढाच भाग खडूसारखा पांढरा, निस्तेज दिसतो. पकड तयार झाल्याची ती खूण. हल्ली साधारण 37 टक्क्यांची जेल वापरतात, बहुधा निळ्या रंगाची, म्हणजे कुठे लागली ते दिसतं.

मसाला नंतर सुधारला. तेव्हाचं ॲक्रिलिक प्लास्टिक घट्ट होताना आकसायचं, कडेला फट पडायची. अमेरिकी दंतसंशोधक राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन तयार करून त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळली. 1962 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजची कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे मसाले, याच घराण्यातली. ती घट्ट करायला सत्तरच्या दशकात आधी अतिनील दिवा आला, मग आजचा निळा.

एनॅमलखालच्या डेंटिनने मात्र बराच काळ दाद दिली नाही, कारण ते ओलसर असतं. तिथे रेझिन नेमकं कसं धरतं, हे जपानचे संशोधक नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये दाखवलं: डेंटिनच्या तंतूंत रेझिन मुरून दोघांचा मिळून एक थर बनतो. टवका खोल असेल, तेव्हा सारी भिस्त याच थरावर असते.