एल्फिन्स्टन: वंश आटला, नाव पसरलं

एडिनबरापासून पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटरवर, ट्रॅनेंट या जुन्या कोळसाखाणींच्या गावाला लागून एल्फिन्स्टन नावाचं एक खेडं आहे. बघायला जावं असं तिथे फारसं काही नाही. पण मुंबईत ज्या नावाचं कॉलेज आहे, ज्या नावाचं रेल्वे स्टेशन परवापर्यंत होतं आणि महाबळेश्वरला ज्या नावाच्या पॉईंटवर आपण वाऱ्यात टोप्या सांभाळत उभे राहतो, ते नाव इथून निघालं. ते निघालं आडनाव म्हणून. आणि गंमत अशी की त्या आडनावाची माणसं खुद्द ब्रिटनमध्येही सहसा भेटत नाहीत.

ब्रिटिश आडनावांचे ढोबळ प्रकार आपल्याला ओळखीचे वाटतील. स्मिथ म्हणजे लोहार, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. धंद्यावरून किंवा बापाच्या नावावरून पडलेली ही आडनावं ठिकठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना पडली, म्हणून ती लाखोंनी आहेत. लोहार काय, गावोगावी असतोच. गावावरून पडलेली आडनावं वेगळी. त्यातही ज्या नावाचं मूळ गाव एकच, लहान, आणि आडनाव लावणारं घराणंही एकच, तिथे आडनाव दुर्मीळ राहतं. एल्फिन्स्टन त्यातलं.

आपल्या 'कर' प्रत्ययाची इथे आठवण होणारच, पण एक फरक आहे. आपल्याकडे चिपळूणकर हे नाव बहुतेकदा चिपळूण सोडलेल्या माणसाला चिकटतं. चिपळुणात सगळेच चिपळूणकर. स्कॉटलंडमध्ये जमीनदार घराण्याचं आडनाव हे त्या जमिनीच्या मालकीचं नाव होतं. आडनाव आणि वतन एकच असलं की तिथे 'ऑफ दॅट इल्क' म्हणतात: 'एल्फिन्स्टन ऑफ दॅट इल्क', म्हणजे एल्फिन्स्टनचे एल्फिन्स्टन. तेराव्या शतकातल्या सनदांमध्ये 'डी एल्फिन्स्टन' असे साक्षीदार दिसू लागतात, ते हेच लोक.

नावातला 'स्टोन' फसवा आहे. त्याचा दगडाशी संबंध नाही. लोथियनचा हा पट्टा एके काळी नॉर्थंब्रियाच्या अँग्लो-सॅक्सन राज्यात मोडत होता, म्हणून तिथल्या गावांच्या नावांत 'टन' फार. 'टन' म्हणजे वाडी, वस्ती. पुढचा भाग एखाद्या माणसाचं नाव असावं, म्हणजे अमक्याची वाडी. मधला 'स' हा षष्ठीचा. लिहिणाऱ्यांनी पुढे 'स' आणि 'टन' जोडून त्याचा दगड केला. घराण्यातल्या हौशी मंडळींना मात्र वाडी कमीपणाची वाटली असावी. हेल्फेनस्टाइन नावाचा कोणी जर्मन सरदार आपला मूळपुरुष, अशी कथा त्यांनी जुन्या वंशावळ्यांत चढवून ठेवली. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष राजपुतान्यातून येतो, त्यातलाच हा प्रकार.

पंधराव्या शतकात या घराण्यावर तो प्रसंग आला जो गावावरून पडलेल्या आडनावांच्या इतिहासात नेहमी येतो: वारस मुलगी निघाली. तिच्या लग्नाबरोबर ट्रॅनेंटजवळचं मूळ एल्फिन्स्टन जॉन्स्टन घराण्याकडे गेलं. गावाचं आडनाव लावणाऱ्यांचं गाव गेलं. पुरुष वारसांची शाखा तिकडे पश्चिमेला, फोर्थ नदीच्या काठी स्टर्लिंगशरमधल्या एअर्थजवळच्या जमिनीवर होती. त्यांनी काय करावं? त्या जमिनीलाच एल्फिन्स्टन म्हणायला सुरुवात केली आणि तिथे एल्फिन्स्टन टॉवर बांधला. आधी गावाने माणसांना नाव दिलं होतं, आता माणसांनी दुसऱ्या गावाला दिलं. म्हणून स्कॉटलंडचा इतिहास वाचताना दोन एल्फिन्स्टन टॉवर भेटतात आणि नवखा वाचक हमखास गोंधळतो. स्टर्लिंगशरची ती जमीनही अठराव्या शतकाच्या मध्यावर डनमोरच्या अर्लने विकत घेतली आणि तिचं नाव बदलून डनमोर केलं. त्याने तिथल्या बागेत दगडात कोरलेल्या प्रचंड अननसाच्या आकाराची इमारत उठवली, ती बघायला लोक आजही जातात. एल्फिन्स्टन हे नाव तिथे फक्त पडक्या बुरुजापुरतं उरलं.

आडनावाची तिसरी जागा ईशान्येला अ‍ॅबर्डीनशरमध्ये. चौथ्या जेम्स राजाची या घराण्यावर मर्जी होती. त्याने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला किलड्रमीचा किल्ला आणि त्याखालचा मुलूख दिला, 1510 मध्ये लॉर्ड केलं. तीन वर्षांनी इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत राजाबरोबर हा पहिला लॉर्डही पडला. किलड्रमीवर 'मार' नावाच्या सरदार घराण्याचा जुना दावा होता. तो खटला पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि 1626 मध्ये किल्ला एल्फिन्स्टनांच्या हातून गेला. पण शंभरावर वर्षांत त्या भागात नाव रुजलं होतं. इन्व्हर्यूरीजवळचं पोर्ट एल्फिन्स्टन हे गाव त्याची खूण. समुद्र तिथून लांब आहे. अ‍ॅबर्डीनशरचा कालवा 1805 मध्ये सुरू झाला, त्याचा शेवटचा धक्का इथे होता, म्हणून 'पोर्ट'.

अ‍ॅबर्डीनशी या नावाचं दुसरं नातं जास्त मोलाचं आहे. बिशप विल्यम एल्फिन्स्टन (1431–1514). हा एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा. पुरोहितपद घ्यायला त्याला पोपची खास परवानगी लागली. त्याने 1495 मध्ये पोपकडून सनद आणून अ‍ॅबर्डीनचं विद्यापीठ स्थापलं, 1497 मध्ये तिथे वैद्यकाचं अध्यासन सुरू केलं. स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना आला, त्यामागेही त्याचा आग्रह होता. त्याला आपल्या प्रार्थनेचा ग्रंथ इंग्लंडच्या वळणाचा नको, स्कॉटिश संतांचा हवा होता. तो अ‍ॅबर्डीन ब्रेव्हियरी 1510 मध्ये छापून झाला. आज त्या विद्यापीठातली लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारी संस्था एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. बिशप असल्याने त्याचा वंश नाही.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबू. कारण हे आडनाव दुर्मीळ का राहिलं याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं. ज्या ज्या एल्फिन्स्टनने नाव मोठं केलं, त्याच्या मागे ते नाव लावणारा मुलगा बहुतेक वेळा नव्हता.

बाल्मेरिनो शाखेचं बघा. पहिला लॉर्ड बाल्मेरिनो, जेम्स एल्फिन्स्टन, हा सहाव्या जेम्स राजाचा सचिव. या शाखेचा सहावा लॉर्ड आर्थर जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या बंडात, सामील झाला, कलोडनच्या पराभवानंतर पकडला गेला आणि 18 ऑगस्ट 1746 रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. वधस्तंभावर तो बंडातल्या पलटणीचा निळा कोट घालूनच चढला. कुऱ्हाड हातात घेऊन पाहिली, जल्लादाला तीन गिनी दिल्या, डोक्यावर टार्टनची टोपी चढवली. मागे मूलबाळ नव्हतं. शाखा तिथेच संपली.

अ‍ॅडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, म्हणजे लॉर्ड कीथ. 1795 मध्ये डचांकडून दक्षिण आफ्रिकेतलं केप घेणारा हाच, आणि 1815 मध्ये प्लिमथच्या बंदरात जहाजावर जाऊन नेपोलियनला 'तुम्हाला सेंट हेलेनाला पाठवायचं ठरलंय' हे सांगणाराही हाच. याला दोन मुली. थोरली मार्गारेट, तिने बापाच्या नाकावर टिच्चून 1817 मध्ये लग्न केलं ते नेपोलियनच्याच एडीसीशी, फ्लाओ नावाच्या फ्रेंच काउंटशी. बाप संतापला, ते साहजिकच. या मार्गारेटचा नातू म्हणजे 1888 ते 1894 भारताचा व्हाइसरॉय असलेला लॉर्ड लॅन्सडाउन. रक्त कलकत्त्यापर्यंत आलं, पण आडनाव दोन पिढ्यांमागेच गळून पडलं होतं.

मग आपला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, जन्म 1779. चौथ्या मुलाला ना पदवी मिळायची ना जमीन, आणि चुलता विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. सोळाव्या वर्षी पोरगा कलकत्त्याच्या जहाजात बसला. 1803 मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीच्या बाजूला घोड्यावर होता, 1811 पासून पुण्यात रेसिडेंट. पेशवाईच्या अखेरच्या मराठी कागदांत त्याचा 'अल्पिष्टन' झालेला दिसतो. मला हे रूप फार आवडतं. 'फ' आणि 'स्ट' या जोडाक्षरांना आपल्या कारकुनांनी बरोबर वळणावर आणलं. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली. त्यात त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं गेली. पुढे 1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर होता, आणि गव्हर्नर जनरलचं पद त्याने दोनदा नाकारलं. लग्न केलं नाही. 1859 मध्ये इंग्लंडात सरे परगण्यात वारला.

त्याच्या नावाचा वारस वेगळ्याच घरात सापडतो. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांच्या बखरीचा कर्ता जेम्स ग्रँट डफ हा त्याच्या हाताखाली वाढलेला. ग्रँट डफने आपल्या मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. आडनाव दुसऱ्याच्या मुलाचं मधलं नाव झालं. हा मुलगा पुढे 1881 मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

कंपनीच्या संचालक चुलत्याचा मुलगा, जनरल विल्यम एल्फिन्स्टन, हा याच नावाचा दुर्दैवी चेहरा. संधिवाताने गांजलेला हा म्हातारा सेनापती 1841 मध्ये काबूलला होता. जानेवारी 1842 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि सुमारे बारा हजार बाजारबुणगे घेऊन तो बर्फातून माघारी निघाला आणि जवळपास सगळं सैन्य वाटेत कापलं गेलं. स्वतः तो त्याच एप्रिलमध्ये अफगाणांच्या कैदेत मेला. माउंटस्टुअर्ट 1809 मध्ये पेशावरला ज्या शाह शुजाच्या दरबारात वकील म्हणून गेला होता, त्याच शाह शुजाला गादीवर टिकवण्यासाठी हे सैन्य गेलेलं. अफगाणिस्तान घेणं सोपं, राखणं अशक्य, हे माउंटस्टुअर्टने मोहिमेआधीच बजावलं होतं. ऐकलं कोणी नाही.

मुंबईत आणखी एक घोळ आहे. कॉलेज माउंटस्टुअर्टच्या नावाचं, पण स्टेशनचं नाव त्याचं नव्हतं. ते त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन याचं. हा 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर, म्हणजे सत्तावन्नचा काळ त्याने काढलेला. हॉर्निमन सर्कल आधी एल्फिन्स्टन सर्कल होतं, तेही याचंच. हासुद्धा अविवाहित! आणि पुतण्या आपल्याकडे काकाच्या नावात असा मिसळून गेलाय की 2018 मध्ये स्टेशनचं प्रभादेवी झालं, तेव्हाच्या चर्चेतही पुष्कळांनी माउंटस्टुअर्टचाच इतिहास सांगितला.

लॉर्डपद मात्र चुलत घरांतून फिरत राहिलं आणि आजही आहे. सोळाव्या लॉर्डची पत्नी बोज-लायन घराण्यातली, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची सख्खी मावशी. या घराण्याचं आडनाव पुढे बुलर-फुलर्टन-एल्फिन्स्टन असं तिपेडी झालं. जमीन देणाऱ्या सासुरवाडीचं किंवा आजोळचं नाव पुढे जोडायची ही रीत. अ‍ॅबर्डीनशरमध्ये डॅल्रिम्पल-हॉर्न-एल्फिन्स्टन होते ते असेच. म्हणून हे आडनाव शोधणाऱ्याने 'ए'खाली पाहून थांबू नये. शेवटचा 'ई' नसलेलं जुनं लेखनही बघावं. 1770 मध्ये रशियाच्या आरमाराकडून चेस्मेला तुर्कांशी लढलेला जॉन एल्फिन्स्टन आपलं नाव 'ई'शिवाय लिही.

सामान्य, बिनपदवीचे एल्फिन्स्टन शोधायचे तर स्कॉटलंडचे कागद इंग्लंडपेक्षा दयाळू आहेत. तिथे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली 1855 मध्ये, इंग्लंडनंतर अठरा वर्षांनी. पण स्कॉटिश नोंदीत तपशील जास्त. शिवाय तिथे लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव कागदावर टिकतं, थडग्याच्या दगडावरही. आडनाव मुलींच्या पोटी संपत गेलेल्या घराण्यात ही सोय फार मोठी. 1881 ची जनगणना स्वयंसेवकांनी नावानिशी उतरवून काढली आहे, तिच्यावरून कोणतं आडनाव कुठल्या परगण्यात किती, याचे नकाशे बनतात. असा नकाशा वाचताना एक लक्षात ठेवावं: त्यावरचा प्रत्येक ठिपका लॉर्डच्या रक्ताचा नसतो. जमिनीवर राबणाऱ्या कुळांनीही मालकाचं किंवा गावाचं नाव लावलं.

ठिकाणांचा नकाशा काढला तर तो माणसांच्या नकाशाहून कितीतरी दाट दिसतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात एल्फिन्स्टन गाव आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एल्फिन्स्टन डोंगर आहे. ओमानच्या मुसंदममध्ये एल्फिन्स्टन खाडी आहे, तिच्यातल्या एका खडकाळ बेटावर 1860 च्या दशकात भारताकडे येणाऱ्या तारेचं ठाणं होतं. कराचीत एल्फिन्स्टन स्ट्रीट होती, तिची 1970 मध्ये झैबुन्निसा स्ट्रीट झाली. आज इंटरनेटवर हे आडनाव टाकलं तर पहिल्या फटक्यात बहुधा इजिप्तच्या तांबड्या समुद्रातलं एल्फिन्स्टन रीफ येईल, तिथल्या शार्कांसकट.

मूळ गावातला टॉवर खाणींनी खाल्ला. खालून कोळसा काढल्यामुळे जमीन खचत गेली, भिंतींना तडे गेले, आणि 1955 मध्ये पंधराव्या शतकातली ती इमारत बरीचशी पाडावी लागली. तळाचा थोडा भाग तेवढा उरला आहे, शेतांच्या मध्ये.