तुरटीने बोअरचं पाणी मऊ होत नाही
नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये बोअरचं पाणी भरलं, की ताट्यांवर पांढरा थर चढतो. हमखास सल्ला मिळतो: तुरटी फिरवा, क्षार बसतील. नाही बसत! तुरटीतून सुटणारं अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड चिकट साका होऊन गढूळपणा खाली ओढतं. पाणी जड करणारं विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथंच राहतं. उलट पाण्यातल्या बायकार्बोनेटची जागा तुरटीतलं सल्फेट घेतं, म्हणजे उकळून गेला असता तो जडपणाही अडून बसतो.

पडताळा घ्या. दोन बाटल्यांत प्रत्येकी 100 मिली बोअरचं पाणी, एकीत तुरटी फिरवून निवळलेलं. दोन्हींत साबणवडीचं द्रावण थेंबथेंब घालून हलवा. डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो. टिकणाऱ्या फेसाला थेंब जवळपास सारखेच लागतील, म्हणजे जडपणा तसाच आहे.

पंपाच्या प्लास्टिक नळीतला थर मात्र लिटरभर कोमट पाण्यात 30 ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून अर्ध्या तासात सुटतो. जस्ताच्या पत्र्याला ते लावू नका, जस्त खाल्लं जातं.